न दुखलेली कंबर

"एक मिनिट हं आई, ईमा हाक मारतायत," असं म्हणून मुलगी फोनपासून लांब गेली. मी एका हातात फोन, दुसऱ्या हातात रंगाची वाटी, खुर्चीत गिऱ्हाईक आणि गिऱ्हाइकाचं अर्धं डोकं रंगवलेलं, अशी उभी राहिले. फोनमधून तिकडच्या स्वयंपाकघरातला नळ ऐकू येत होता. कुणीतरी काहीतरी विचारलं, मुलीनं काहीतरी उत्तर दिलं, दोघी हसल्या. ईमा म्हणजे आई, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. मुलगी सासूला काय म्हणते याची चौकशी मी कधी केली नव्हती. म्हणत असेल काहीतरी अहो-जाहो, एवढ्यावर भागवलं होतं. पण ती हाक तिनं ज्या सुरात घेतली तो सूर माझा होता. शाळेतून आल्यावर बूट भिरकावत दारातूनच "आई" म्हणायची तेव्हा अगदी असंच शेवटचं अक्षर लांबायचं. खुर्चीतल्या बाई विचारत होत्या, रंग जास्त वेळ राहतोय का हो? राहिला होता. त्या बाई त्या दिवशी दहा वर्षांनी तरुण होऊन गेल्या आणि मी तेवढीच म्हातारी होऊन दुकान बंद केलं.

तशी माझ्या पोटातली दुखणी जुनीच. दोन वर्षांपूर्वी मुलीनं तिकडेच लग्न ठरवलं. मुलगा चांगला, त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. पण तारीख ठरली, जागा ठरली, कपडे ठरले, पाहुण्यांची यादी झाली, आणि मग मला कळवलं. सगळं त्या बाईंनी केलं होतं, मुलाच्या आईनं. पस्तीस वर्षं शहरात बस चालवलेली बाई. लग्नाची बसही तिनंच हाकली आणि मला शेवटच्या थांब्यावर चढायला सांगितलं, असं मला वाटलं. स्वतःच्या मुलीच्या लग्नात पाहुणी म्हणून मिरवायचं? मी फोनवर कण्हले. म्हटलं, कंबर धरली आहे, डॉक्टरांनी विमानात बसायचं नाही म्हणून सांगितलंय. दुखत होतं पोटात, नाव घेतलं कंबरेचं. लग्नाच्या दिवशी दुकान उघडं ठेवलं, सकाळपासून सात डोकी कापली, आठव्या डोक्याच्या वेळी घड्याळात बघितलं तर तिकडे लग्न लागून गेलं होतं. मग मोरीत जाऊन रडले, तोंड धुतलं आणि नववं डोकं घेतलं. इथपर्यंतही ठीक होतं. माणूस स्वतःच्या खोट्याला सवयीनं निभावून नेतो. पण आठ दिवसांनी पार्सल आलं. आत कंबरेचा पट्टा होता, चांगला रुंद, आतून लोकरीचा, वर न वाचता येणाऱ्या अक्षरांची चिठ्ठी. आणि लग्नाचे फोटो. पहिल्या रांगेत विहीणबाईंच्या शेजारी एक खुर्ची रिकामी होती. बाकी सगळ्या खुर्च्या साध्या. हिला पाठीशी जाड उशी बांधलेली. शेवटच्या घटकेला मी आलेच, तर माझी कंबर टेकावी म्हणून. तो पट्टा मी कपाटात सगळ्यात खाली ठेवला, पण चोराच्या मनात चांदणं, कपाट उघडलं की पहिला तोच दिसायचा.

तर त्या ईमाच्या दुसऱ्या दिवसापासून मी त्यांची भाषा, हिब्रू, शिकायला घेतलं. उद्देश चांगला होता असं म्हणून मी उगाच पुण्य पदरात पाडून घेणार नाही. त्या दोघी नळापाशी उभ्या राहून काय बोलतात, हसतात ते कुणाला, हे मला कळायला हवं होतं. फोनमध्ये भाषा शिकवणारी एक बाई मिळाली. ती मला पहिले तीन आठवडे सांगत होती की घोडा दूध पितो. सूस शोते खालाव. मी केस कापता कापता म्हणायची, सूस शोते खालाव, आणि गिऱ्हाइकं आरशातून माझ्याकडे बघायची. पण हळूहळू शब्द चिकटायला लागले. दाताला शेन म्हणतात हे कळलं त्या दिवशी मी एकटीच इतकी हसले की ब्रश तोंडात धरवेना. मासा म्हणजे दाग. तिथं म्हणजे शाम, इथं म्हणजे कान. खिशाला कीस म्हणतात, म्हणजे कुणीतरी कधीतरी आपला खिसा तिकडे विसरून आलं असावं. आरशाच्या कडेनं मी चिठ्ठ्या चिकटवल्या. वहीत अक्षरं गिरवली, उजवीकडून डावीकडे. माझा हात आधीच डावरा, लहानपणी शाळेत त्याच्यावर पट्ट्या खाल्लेल्या. पंचावन्नाव्या वर्षी अशी एक भाषा भेटली जिच्यात माझा हात लिहिलेलं पुसत जात नाही. तिच्यावर राग धरून बसणं मला जरा अवघड जायला लागलं.

खरी गंमत मात्र ग्रंथपालबाईंनी दाखवली. त्या दर सहा आठवड्यांनी माझ्याकडे केस बारीक करायला येतात. जुने धर्मग्रंथ वाचायचे म्हणून तरुणपणी हिब्रू शिकलेल्या. बोलायला लागल्या की दोन हजार वर्षांपूर्वीचं माणूस बोलल्यासारखं वाटतं, पण व्याकरण पक्कं. माझ्या चिठ्ठ्या बघून त्या म्हणाल्या, ताई, शब्द सुटे सुटे पाठ करू नका, मूळ धरा. तीन अक्षरांचं मूळ असतं, बाकी सगळा फुलोरा. मग गळ्याभोवती कापड, मान खाली, अशा अवस्थेत त्यांनी मला स, प आणि र ही तीन अक्षरं सांगितली. पुस्तक सेफेर, कारण प कधी कधी फ होतो. गोष्ट सिपूर. आकडा मिस्पार. ग्रंथालय सिफ्रिया, आणि त्यात बसणारी ग्रंथपाल सफरानीत. आणि केस कापणारी? सपारीत. कात्री मिस्पारायिम. मी कात्री हवेतच धरून उभी राहिले. म्हटलं, म्हणजे तुमचं नि माझं मूळ एकच? त्या म्हणाल्या, अक्षरं तरी तीच. मी त्यांना न्हाव्याच्या उकिरड्याची म्हण ऐकवली, कितीही उकरला तरी केसच निघणार म्हणतात ती. इथं उकरलं तर केसांखाली पुस्तकं निघत होती. शिवाय एक क्रियापद त्यांनी मागाहून दिलं, लेसापेर. त्याचा अर्थ सांगणं, आणि त्याचाच अर्थ केस कापणं. मी आयुष्यभर एकाच वेळी दोन्ही करत आले होते आणि त्याला एक शब्द आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ग्रंथपालबाईंचे केस जरा जास्तच बारीक झाले.

मग मला नादच लागला. रस्त्यानं जाताना, भाजी निवडताना, केस झाडताना मी मुळं उकरत होते. आणि एकदा उकरता उकरता हात भाजला. लग्नाला खातुना म्हणतात. नवरा मुलगा खातान. सासरा खोतेन. आणि त्याच मुळाला मेखुतेनेत म्हणून एक शब्द फुटलाय, त्याचा अर्थ विहीण. ग्रंथपालबाई म्हणाल्या, हे नातं सगळ्याच भाषांना सुचलेलं नाही, बाकीच्यांना 'सुनेची आई' असा वळसा घ्यावा लागतो. मी खातुनाला गेले नव्हते. पण मुळातून माझी सुटका नव्हती. तिकडे नळापाशी उभी असलेली ती बाई मला तिच्या भाषेत लग्नाच्याच तीन अक्षरांनी ओळखत होती, आणि माझ्याकडे तिला द्यायला एक खोटी कंबर होती. हेवा करायला शिकायला घेतलेली भाषा मला शरम शिकवायला लागली, हे काही ठरल्याप्रमाणे चाललं नव्हतं. त्याच सुमारास मुलीचा फोन आला, आम्ही तिघं नऊ दिवसांसाठी येतोय.

मी ठरवलं, या नऊ दिवसांत सांगून टाकायचं. आणि स्वतः सांगायचं, मुलीला दुभाषी करून नाही, कारण खोटं तिच्याशीही बोलले होते आणि तिच्या तोंडून तिच्याच आईचं खोटं वदवायचं हे मला जमलं नसतं. वाक्य तयार केलं. हा-गव शेली लो काआव. माझी पाठ दुखत नव्हती. पाठ काय, कंबर काय, तिकडे दोन्हींना गव चालतं. पुढे एकच शब्द, शिकर्ती, म्हणजे मी खोटं बोलले. ऐकायला 'शिकते'सारखा. मी शिकते, शिकर्ती, मी शिकते, असं म्हणत मी घर झाडलं.

विहीणबाई आल्या त्या उंच, रुंद खांद्यांच्या, पाठीवर कमरेपर्यंत पांढरा शेपटा. मी माणसं मागून ओळखते. त्यांच्या मानेवरून कळत होतं की ही बाई आयुष्यभर समोर बघत आली आहे. माझ्या दारात त्यांनी पहिलं काय केलं, तर माझ्या कमरेला हात लावून विचारलं, "गव?" मी मान हलवली, ती कशी हलली मला माहीत नाही. त्यानंतर रोज सकाळी चहाच्या आधी गव. मी बादली उचलली की धावत येऊन हातातून घ्यायच्या. खाली वाकले की ओरडायच्या. मुलगी त्यांच्या जोडीला होतीच, "अगं आई, तू नको, तुझी कंबर." आठ दिवस मी माझ्याच घरात दुखणेकरीण झाले, आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट अशी की मला ते आवडायला लागलं. चहा हातात यायचा. दुकानातले केससुद्धा जावई झाडायचा. विहीणबाई खिडकीशी बसायच्या आणि समोरच्या वळणावर बस वळली की ती नीट वळली की नाही त्याप्रमाणे मान हलवायच्या. मी शेजारी बसून एकेक शब्द पुढे करायची, दार, पाणी, पाऊस, लाल बस, आणि त्या चूक असेल तिथं माझा शब्द हळूच सरळ करून परत द्यायच्या. घोडा दूध पितो हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. अशा बाईचा दोन वर्षं हेवा केला होता. पण तयार केलेलं वाक्य रोज सकाळी घशापर्यंत यायचं, 'गव?' ऐकलं की परत खाली उतरायचं.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी मुलगी आणि जावई बॅगेचं चाक बदलून आणायला गेले. दुकानाला सुट्टी होती. दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली, एक आरसा, एक मोठी खुर्ची, केस धुवायचं बेसिन. विहीणबाई खिडकीशी होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. एकदम कंबरेवर यायचं नाही, आधी प्रस्तावना करायची, असं ठरवलं होतं. "अनी रोत्सा लेसापेर ओताख," मी म्हणाले. अनी म्हणजे मी. मला तुम्हाला सांगायचंय. डोळ्यांत पाणी येतंय हे मला कळत होतं, ते आवरायला मला त्यांच्या भाषेतला शब्दच काय, माझ्या भाषेतलाही सापडला नसता.

विहीणबाईंचा हात शेपट्याकडे गेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बस चालवणारा माणूस समोर अचानक आलेल्याकडे बघतो तसं. मग मान डोलावली, उठल्या आणि त्या मोठ्या खुर्चीत जाऊन बसल्या. मला वाटलं, काय समजूतदार बाई, ऐकायचं तर नीट बसून ऐकू म्हणाल्या. मी स्टूल ओढलं, त्यांच्यासमोर बसले आणि "हा-गव," एवढं म्हणते तोवर त्यांनी शेपट्याच्या पिना काढायला सुरुवात केली. माझा चेहरा बघून त्यांनी दोन बोटांची कात्री केली आणि हवेत चालवून दाखवली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लाख आणि ओताख. ग्रंथपालबाईंनी बजावून सांगितलं होतं, सांगायचं असेल तर लेसापेर लाख, कापायचं असेल तर लेसापेर ओताख, दोन्हींचं मराठी 'तुला'च होतं म्हणून घोळ घालू नका. मी घोळ घातला होता. आपल्याकडे 'ला' बिचारा सगळी कामं करतो. मुलाला दिलं, मुलाला मारलं, मुलाला ताप आला. सांगायचंही तुम्हालाच आणि भादरायचंही तुम्हालाच. मी विहीणबाईंना डोळ्यांत पाणी आणून म्हणाले होते की मला तुमचे केस कापायचे आहेत, आणि त्या बिचाऱ्या तयार झाल्या होत्या. मुलीनं नंतर सांगितलं, त्यांना वाटलं, ही कसबी बाई आठ दिवस हा शेपटा बघून मनातल्या मनात झुरत असणार, आणि पाहुण्या बाईनं यजमानिणीला एवढं तरी द्यावं.

मला त्याच क्षणी चूक दुरुस्त करता आली असती. लाख, लाख, एवढं म्हणायचं होतं. पण मी भित्री बाई. कंबरेनंतर हा दुसरा आयता बहाणा हातात आला होता, सांगणं टळलं होतं, आणि कात्री हातात असली की माझा हात कापत नाही. मी त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं. केस मोकळे केले. असे केस मी वर्षानुवर्षांत हातात घेतले नव्हते, जाड, थंड, माणसापेक्षा शांत. खांद्यापर्यंत? आरशातून विचारलं. त्यांनी बोट थोडं आणखी वर नेलं. पहिली बट पडली तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि उघडले, आणि मग त्यांना मजा यायला लागली. मान इकडे तिकडे करून हलकेपणा बघायला लागल्या, मला सारखी मान सरळ करावी लागत होती. आणि मी मागे उभी, त्यांच्या मानेकडे बघत. इतकी वर्षं या खुर्चीत लोक बोलत आलेत आणि मी ऐकत आले. इथं खरं निघतं, कारण बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. मीही त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हते. मागचे केस एका रेषेत आणता आणता मी म्हणून टाकलं, "हा-गव शेली लो काआव. शिकर्ती."

त्यांची मान हलायची थांबली. कात्रीही थांबली. मी आरशात बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"अनी?" त्या म्हणाल्या.

अनी म्हणजे मी. बाईंना वाटलं की मी त्यांनाच खोटं बोलणारी म्हणतेय. मी घाईघाईनं स्वतःच्या छातीवर हात मारला, अनी, अनी, खोटं मी बोलले, तुम्ही नाही. त्यांनी मान हलवली. कापडाखालून हात बाहेर काढला, पंजा हवेत गोल फिरवला आणि पुन्हा म्हणाल्या, "अनी? अनी?" मग अंगठा कानाशी आणि करंगळी तोंडाशी नेली, फोन केला. "योम रिशोन," म्हणाल्या, रविवार. फोनवर हसण्याची नक्कल केली, खो खो, माझ्या मुलीसारखं. मग हातानं हवेत मधे एक दार बंद केलं, आणि त्या दाराच्या अलीकडे स्वतःला दाखवून हात मांडीवर ठेवून गप्प बसल्या. आणि दाराच्या आतून यावा तसा बारीक आवाज काढून म्हणाल्या, "अनी?"

ते अनी नव्हतं. ते 'आणि' होतं. ण त्यांच्या जिभेवर बसत नव्हता, एवढंच. रविवारी मुलगी खोलीचं दार लावून, फोन स्पीकरवर टाकून तासभर बोलते आणि मी मधे दुसरं काही म्हणत नाही. आणि? आणि मग? दोन वर्षं दर रविवारी बंद दारामागून विहीणबाईंनी तेवढा एकच मराठी शब्द ऐकला होता, आणि तो कुठं वापरायचा हे त्यांना अगदी बरोबर कळलं होतं. कंबर दुखत नव्हती. बरं. आणि?

आणि काय ते मला सांगता आलं असतं, मराठीत. पोटात दुखत होतं. पण त्यांच्या भाषेत पोट म्हटलं असतं तर बाईंनी उठून गरम पाण्याची पिशवी आणली असती. मग जो शब्द मी पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवला होता, कशाला ते सांगायला नको, तो काढला. किनेती. मला हेवा वाटला. आणि या वेळी 'तुमचा' कसा म्हणायचा ते आठवेना, लाख की ओताख की तिसरंच काही, म्हणून मी कात्रीचं टोक बाजूला धरून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

विहीणबाईंनी तो हात वरून दाबून धरला. अर्धे केस आखूड, अर्धे लांब, अशा त्या आरशात माझ्याकडे बघत राहिल्या.

"गम अनी," त्या म्हणाल्या.

गम म्हणजे सुद्धा. आणि हा अनी त्यांच्याच भाषेतला होता.